मस्करी, कुस्करी आणि दोन इंग्रजी

इंग्रजी साहित्याच्या वर्गात विनोदी कथा शिकवायची वेळ आली की एक अडचण हमखास उभी राहते. शब्दार्थ कळतात, संदर्भ तळटिपांतून कळतात, हसू मात्र येतेच असे नाही. गेली काही वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला दोन कथा एकापाठोपाठ वाचायला देते. पहिली मार्क ट्वेनची उडी मारणाऱ्या बेडकाची कथा (१८६५), दुसरी हेन्री लॉसनची 'द लोडेड डॉग' (१९०१). एक अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन. दोन्ही खाणकामगारांच्या वस्तीतल्या, दोन्हींत एक मुका प्राणी आणि दोन्हींत एक घातक भरणा. बेडकाच्या पोटात बंदुकीचे छर्रे, कुत्र्याच्या तोंडात सुरुंगाचे काडतूस. इतके साम्य असलेल्या दोन कथा शोधूनही सापडणार नाहीत, आणि तरीही वर्ग पहिलीला हसून मोकळा होतो, दुसरीला हसता हसता शेवटाशी थबकतो. हे थबकणे मला फार मोलाचे वाटते. या लेखाचा विषय तेच आहे.

अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन विनोदबुद्धीतील फरकाविषयी एक ठरीव मत सर्वत्र ऐकू येते. ऑस्ट्रेलियन माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता थट्टा करतो, अमेरिकन माणसाला मात्र उपरोध कळत नाही, त्याला विनोद मोठ्याने आणि खुणावून सांगावा लागतो, असे ते मत. ते खोडून काढायला एकटा ट्वेन पुरेसा आहे. 'हाउ टू टेल अ स्टोरी' हा त्याचा निबंध १८९५ सालचा. विनोदी गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगावी, तिच्यात काही हसण्यासारखे आहे याचा सांगणाऱ्याला पत्ताच नाही असे दिसावे, आणि हीच खास अमेरिकन कला होय, असे प्रतिपादन त्याने त्यात केले आहे. त्याच वर्षी कर्ज फेडण्यासाठी व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघालेला ट्वेन ऑस्ट्रेलियात पोहोचला. (पुढे जानेवारी १८९६मध्ये तो मुंबईसही आला.) ऑस्ट्रेलियातील सभागृहे त्याच्यासाठी भरली, लोक पोटभर हसले. तेव्हा निर्विकार चेहरा हा काही या दोन देशांतला फरक नव्हे. तो अन्यत्र शोधला पाहिजे.

पुन्हा कथांकडे येऊ. ट्वेनचा जिम स्मायली कशावरही पैज लावणारा इसम. त्याचा शिकवून तयार केलेला बेडूक एक अनोळखी पाहुणा छर्ऱ्यांनी भरून टाकतो, चाळीस डॉलर जिंकतो आणि चालू लागतो. फसगत लक्षात येईपर्यंत पाहुणा पसार झालेला असतो. येथे स्पर्धा आहे, जिंकणारा आहे, हरणारा आहे, आणि वाचकाचे कौतुक हुशारीच्या वाट्याला जाते. मुख्य म्हणजे गोष्ट संपते. लॉसनच्या कथेत तीन मित्र मासे मारण्यासाठी भले थोरले काडतूस तयार करतात. त्यांचा आज्ञाधारक, मठ्ठ, प्रेमळ कुत्रा ते तोंडात धरून, पेटलेल्या वातीसह, आनंदाने त्यांच्याच मागे धावत सुटतो. येथे कोणीही कोणाला फसवलेले नाही, कोणी जिंकत नाही. तिघांची फजिती तिघांनीच घडवून आणलेली आहे, आणि तीत ते सारखेच भागीदार आहेत. एवढेच नव्हे, तर गोष्ट संपतही नाही. त्यानंतर कित्येक वर्षे त्या रस्त्याने जाणारे घोडेस्वार डेव्हला लांबूनच हाळी देऊन विचारत राहतात, की काय, मासेमारी कशी काय चालली आहे?

माझा वर्ग थबकतो तो येथे. एक विद्यार्थिनी एकदा म्हणाली, "मॅडम, हे त्याला चिडवतायत की त्याची विचारपूस करतायत?" मला वाटते, या प्रश्नात संपूर्ण विषय सामावलेला आहे. ती एकाच वेळी विचारपूसही आहे आणि चिमटाही, आणि दोहोंना वेगळे करता येऊ नये हीच तिची योजना आहे. डेव्हने चिडायचे नाही, हा अलिखित करार. तो चिडला नाही म्हणजे तो आपला. ट्वेनचा विनोद श्रोत्याला पाहुणा मानतो आणि त्याच्यापुढे काहीतरी वाढतो. लॉसनचा विनोद श्रोत्याला उमेदवार मानतो आणि त्याची परीक्षा घेतो. हसणे हे पहिल्यात फळ आहे, दुसऱ्यात उत्तर आहे.

हे मी केवळ पुस्तकांवरून म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ वीसेक वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला आणि तिथे बांधकामाच्या साइटवर अभियंता म्हणून रुजू झाला. तो कट्टर शाकाहारी, अंडेसुद्धा चालत नाही. दुसऱ्याच आठवड्यात साइटवरच्या लोकांनी त्याचे नाव 'बुचर' ठेवले, म्हणजे खाटीक. त्या रात्री त्याचा फोन आला, "ताई, माझं बारसं झालं!" आवाजात निखळ आनंद होता. त्याला पगार मिळत होता, व्हिसा मिळाला होता, पण आपण तिथे पोहोचलो असे त्याला वाटले ते हे नाव मिळाल्यावर. ऑस्ट्रेलियातील टोपणनावांची ही जुनी रीत आहे. तांबड्या केसांच्या माणसाला 'ब्लुई' म्हणजे निळू म्हणायचे, टकलू माणसाला 'कर्ली' म्हणजे कुरळे म्हणायचे. नाव वस्तुस्थितीच्या नेमके उलट. व्याकरणात जिला आपण विपरीत लक्षणा म्हणतो, ती तिथे मजुराच्या तोंडी रोज नांदते.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. तिचा अनुभव निराळा. तिच्या कार्यालयात कोणी कोणाची थोडीशी जरी थट्टा केली तरी पाठोपाठ 'जस्ट किडिंग' हे शब्द येतात, आणि वरिष्ठांनी भाषणाची सुरुवात विनोदाने करावी हा तर शिष्टाचारच. ती म्हणते, "इथे विनोद फराळासारखा असतो गं, ताटात वाढून पुढे करतात. घेतला नाहीत तरी कोणी रागावत नाही." मग अमेरिकेत कोणी कोणाचा अपमान करून हसवतच नाही काय? अवश्य हसवतात, पण त्यासाठी मंच उभारतात. न्यू यॉर्कच्या फ्रायर्स क्लबने रूढ केलेला आणि १९७०च्या दशकात डीन मार्टिनने दूरचित्रवाणीवर लोकप्रिय केलेला 'रोस्ट' हा प्रकार पाहावा. सत्कारमूर्तीला समोर बसवून एकेकाने त्याची सालटी काढायची. पण त्याची तारीख ठरलेली, ध्वनिक्षेपक ठरलेला, आणि शेवटची मिठीही ठरलेली. व्हाइट हाउसच्या वार्ताहरांचे वार्षिक भोजनही बरेचसे याच जातीचे. अपमानाला चौकट आहे, चौकटीबाहेर सौजन्य. ऑस्ट्रेलियात तीच गोष्ट सकाळच्या चहाच्या सुट्टीत, कोणत्याही चौकटीशिवाय घडते.

ही विधाने स्थूल आहेत याची मला जाणीव आहे. अमेरिका म्हणजे एक विनोद नव्हे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वस्त्यांत 'डझन्स' नावाचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोघांनी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायचा आणि जो आधी चिडेल तो हरला. म्हणजे परीक्षा घेणारा विनोद अमेरिकेतही आहे. जिथे माणसे कठीण परिस्थितीत एकमेकांशी बांधली गेली तिथे तो आहे. ऑस्ट्रेलियात त्या परीक्षेला राष्ट्रीय स्वभावाची प्रतिष्ठा मिळाली, एवढेच. याचे मूळ १७८८ साली आलेल्या कैद्यांच्या जहाजांत शोधण्याची प्रथा आहे. ते स्पष्टीकरण मला जरा जास्तच सोयीचे वाटते. डोके वर काढणाऱ्याला छाटण्याच्या वृत्तीला तिथे 'टॉल पॉपी सिंड्रोम' म्हणतात हे खरे, पण ती प्रतिमा मुळात रोमन इतिहासकार लिव्हीची. बागेतील सर्वांत उंच पॉपीची बोंडे काठीने उडवून राजा टार्क्विन आपल्या मुलाला जो मूक संदेश देतो, तो जुलमी सत्ताधीशाचा आहे, समतावाद्याचा नव्हे. हे ध्यानात ठेवलेले बरे. पुढे उपयोगी पडेल.

विनोद समुद्र ओलांडतो तेव्हा काय होते, याचे दोन बोलके दाखले आहेत. पॉल होगनचा 'क्रोकोडाइल डंडी' १९८६ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा तिथल्या शीर्षकात 'क्रोकोडाइल' या शब्दाभोवती अवतरणचिन्हे घालण्यात आली. मूळ शीर्षकात ती नव्हती. चित्रपट तुफान चालला, पण मला त्या चिन्हांचे फार कौतुक वाटते. अमेरिकेत टोपणनावालाही चौकट लागते! दुसरा दाखला 'कॅथ अँड किम' या मालिकेचा. जेन टर्नर आणि जिना रायली यांची ही मालिका २००२ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि अफाट गाजली. उपनगरातल्या मायलेकी, दोघींनाही आपण अतिशय देखण्या आहोत अशी खात्री, आणि प्रेक्षकाला दिसणारे दृश्य निराळे. सगळा विनोद त्या दरीत. २००८ साली अमेरिकेत तिची नवी आवृत्ती निघाली. त्यात मायलेकींच्या भूमिकांत शिडशिडीत, सुरेख नट्या घेतल्या. दरी बुजली, विनोद गेला, आणि सतरा भागांनंतर मालिका बंद पडली.

दरी हा शब्द येथे जपून ठेवावा. उपरोधाची व्याख्या आपण वर्गात हीच करतो, की उच्चारलेला शब्द आणि अभिप्रेत अर्थ यांतील अंतर. प्रश्न असा, की ते अंतर कोणाला दिसते?

बॅरी हम्फ्रीज यांनी १९५५ साली मेलबर्नमध्ये एडना एव्हरेज या पात्राला जन्म दिला. उपनगरातील एक आत्मसंतुष्ट गृहिणी, जिच्या आडनावातच 'ॲव्हरेज' दडलेले आहे. पुढे ती स्वतःला सुपरस्टार समजणारी 'डेम एडना' झाली. १९७७ साली न्यू यॉर्कमध्ये तिचा प्रयोग साफ पडला. १९९९मध्ये ब्रॉडवेवर मात्र तिने धमाल उडवली आणि २००० साली विशेष टोनी पुरस्कार मिळवला. अमेरिकन प्रेक्षकाला ही परीक्षा घेणारी बाई उमगली असे वाटत असतानाच २००३ साल उजाडले. 'व्हॅनिटी फेअर' मासिकात एडनाच्या नावाने सल्ल्याचे सदर येत असे. स्पॅनिश शिकावी काय, या प्रश्नाला तिने उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की ती भाषा बोलणाऱ्यांपैकी बोलण्याजोगे आहे तरी कोण, घरकामाला येणारी माणसे? लॅटिनो समाजात संताप उसळला, सल्मा हायेकसारख्या अभिनेत्रीने निषेध केला, आणि मासिकाला माफी मागावी लागली.

हम्फ्रीज यांच्या चाहत्यांचे म्हणणे असे, की थट्टा स्पॅनिश बोलणाऱ्यांची नव्हतीच; ती एडनाच्या तुसड्या अहंकाराची होती, अमेरिकनांना उपरोध कळला नाही. साहित्याची शिक्षिका म्हणून मला या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग मान्य आहे. निवेदक आणि लेखक यांत गल्लत करू नये हे तर आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. पण दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. निषेध करणाऱ्या अनेकांना उपरोध कळला नव्हता असे मानण्याचे काहीच कारण नाही. जी बाई खरोखरच कोणाच्या घरी भांडी घासते, तिने हेच वाक्य एडनासारख्या मालकिणीच्या तोंडून कोणत्याही उपरोधाशिवाय ऐकलेले असते. तिच्या कानाशी पोहोचेपर्यंत ती दरी बुजलेली असते. उरते ते केवळ वाक्य.

ऑक्टोबर २००९मध्ये याच नाण्याची दुसरी बाजू दिसली. 'हे हे इट्स सॅटर्डे' या जुन्या ऑस्ट्रेलियन कार्यक्रमाच्या पुनर्मीलनाच्या प्रसंगी काही हौशी कलाकारांनी तोंडाला काळे फासून मायकेल जॅक्सन आणि त्याच्या भावांची नक्कल केली. वीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना त्यांनी हाच प्रयोग त्याच कार्यक्रमात केला होता, आता ते डॉक्टर झाले होते. परीक्षक म्हणून न्यू ऑर्लिअन्सचा गायक हॅरी कॉनिक ज्युनिअर बसला होता. तो हसला नाही. त्याने शून्य गुण दिले. कार्यक्रम संपण्यापूर्वी सूत्रसंचालकाला त्याची माफी मागावी लागली. पुढचे काही दिवस ऑस्ट्रेलियात हाच वाद, की अमेरिकनांना विनोद कळत नाही.

कळत नव्हता की जरा जास्तच कळत होता? कॉन्स्टन्स रुर्क यांनी 'अमेरिकन ह्यूमर' (१९३१) या ग्रंथात अमेरिकन विनोदाची तीन मूळ पात्रे सांगितली आहेत. यांकी, सीमेवरचा रानगडी आणि तोंडाला काळे फासलेला मिन्स्ट्रेल. म्हणजे हे काळे तोंड अमेरिकन विनोदाच्या पायातच आहे. ते कोणी फासले, कोणाचे हसे झाले, हे तिथे आता विसरता येत नाही. अमेरिकन मिन्स्ट्रेल मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सोन्याच्या शोधाच्या काळात ऑस्ट्रेलियातही आल्या होत्या. नाटक तिथेही पोहोचले. त्याचा हिशेब मात्र अमेरिकेतच राहिला. आणखी एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे. त्या डॉक्टरांच्या चमूचा म्होरक्या भारतीय वंशाचा होता. परीक्षेत उत्तम गुणांनी पास झालेला, असे म्हणता येईल.

परीक्षा घेणाऱ्या विनोदाची ही दुसरी बाजू आमच्या घरातही आली. माझा भाचा मेलबर्नच्या एका शाळेत होता. तिथे मुलांनी त्यालाही नाव ठेवले. ते त्याच्या रंगावरून होते. ते मी येथे लिहीत नाही. एका शिक्षकाच्या कानावर गेले तेव्हा "मुले गंमत करतात" असे उत्तर मिळाले. एका डिसेंबरात सगळे पुण्याला जमलेले असताना रात्री गच्चीत हा विषय निघाला. न्यू जर्सीची भाची ताडकन म्हणाली, "मग लेखी तक्रार का नाही केलीस?" तो म्हणाला, "तक्रार केली तर 'डॉबर' म्हणजे चुगलखोर हे दुसरं नाव मिळेल. ते जन्मभर चिकटतं." माझ्या भावाने त्याची समजूत घातली, "अरे, मलाही बुचर म्हणतात. मी हसलो म्हणून माझं तिथे जमलं. हसायला शीक." पोरगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं नाव उलटं आहे. माझं सरळ आहे."

पंधरा वर्षांच्या मुलाने काढलेली ही भेदरेषा मला विनोदावरच्या पुष्कळशा सिद्धान्तांपेक्षा मोलाची वाटते. निळू, कुरळे, खाटीक ही नावे त्या माणसाला हसत नाहीत. ती वस्तुस्थितीलाच हसतात. त्यांत दरी आहे, आणि त्या दरीत दोघांना उभे राहायला जागा आहे. भाच्याच्या नावात दरी नव्हती. शब्द आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले होते. रीत ऑस्ट्रेलियन थट्टेची, पण आशय टार्क्विनच्या काठीचा. मराठीत आपण मस्करीची कुस्करी झाली म्हणतो तेव्हा ती नेमकी कुठे होते हे सांगत नाही. माझ्या मते ती येथे होते.

हॅना गॅड्सबी या टास्मानियन विनोदकाराने 'नॅनेट' या प्रयोगात हाच प्रश्न रंगमंचावरून विचारला. स्वतःची खिल्ली उडवणे हा ऑस्ट्रेलियन विनोदाचा मोठाच सद्गुण मानला जातो. पण जो आधीच कडेला ढकलला गेला आहे त्याने स्वतःला हसणे ही नम्रता नसून स्वतःची मानहानी आहे, असे गॅड्सबींनी मांडले, आणि श्रोत्यांना हसवून निर्माण झालेला ताण मुद्दाम न सोडवता तसाच ठेवला. २०१७ साली या प्रयोगाला मेलबर्नच्या विनोद महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २०१८मध्ये नेटफ्लिक्सवरून तो अमेरिकेत पोहोचला आणि तिथे त्याची विलक्षण चर्चा झाली. त्या पुरस्काराचे नाव तेव्हा 'बॅरी' होते, हम्फ्रीज यांच्या सन्मानार्थ ठेवलेले. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांनंतर २०१९ साली ते बदलले गेले.

यावरून कोणी अमेरिकन सौजन्य श्रेष्ठ असा निष्कर्ष काढू नये. परीक्षा घेणारा विनोद बलवानाची परीक्षा घेतो तेव्हा त्याच्यासारखा विनोद नाही. जॉन क्लार्क आणि ब्रायन डॉ हे दोघे वर्षानुवर्षे मंत्र्यांच्या काल्पनिक मुलाखती सादर करत. क्लार्क मंत्री होत, पण ना टोप, ना रंगभूषा, ना आवाजाची नक्कल. फक्त नाव मंत्र्याचे. अमेरिकेच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये २००८ साली टीना फे हुबेहूब सारा पेलिन झाली, तिच्या अगदी उलट. क्लार्क यांच्याच 'द गेम्स' या मालिकेत, सिडनी ऑलिंपिकच्या वर्षी, २०००मध्ये, एक प्रसंग आहे. पंतप्रधान जॉन हॉवर्ड मूलनिवासींची सरकारतर्फे माफी मागायला तयार नव्हते. मालिकेत जॉन हॉवर्ड याच नावाचा एक अभिनेता पडद्यावर येतो, आणि ती माफी गंभीरपणे, अखेरपर्यंत मागतो. त्याच्या निवेदनात विनोदाचा एक शब्द नाही. नावाच्या सारखेपणातून उघडलेल्या त्या एका दरीत सबंध देशाला आपली लाज दिसली. खरी माफी संसदेत मागितली गेली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी, दुसऱ्या पंतप्रधानाकडून.

माझ्या भावाने २०१९मध्ये नोकरी बदलली. निरोपाच्या दिवशी साइटवरच्या लोकांनी त्याला खाटकाचा पट्ट्यापट्ट्यांचा ॲप्रन दिला, त्यावर बारा जणांच्या सह्या. तो ॲप्रन त्याच्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे आणि आल्यागेल्याला तो अभिमानाने दाखवतो. त्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. भाचा आता मोठा झाला आहे, स्वतः उत्तम थट्टा करतो, वडिलांचीही करतो. पण पाहुण्यांना ॲप्रन दाखवायची वेळ आली की तो चहाचे कप उचलून हळूच आत जातो.